‘शांतपणे’ हा शब्द वगळून

मी, कर्नल गॉडफ्री ॲलन विंडरम, वय वर्षे बहात्तर, धंदा आधी लष्कर, मग राजकारण आणि सध्या काही नाही, राहणार विंडरम हॉल, हॅल्डर्सली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि माझे वकील मिस्टर स्नेल यांच्या मर्जीविरुद्ध लिहून ठेवतो. गुडघे गेले, डावा कान गेला, दात तर केव्हाच गेले. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही किंवा लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावणारा एकच इसम शिल्लक आहे, माझा पुतण्या पर्सिव्हल. त्याचे पुढे येईल.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मिस्टर स्नेल यांचे म्हणणे असे की, मृत्युपत्रात मिळकत लिहावी, मन लिहू नये. त्यांनी त्यांचे तसे लिहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मात्र त्यांनीच करायची आहे, कारण या गावात बिल फुगवणारा असला तरी शब्द न फिरवणारा तेवढा एकच माणूस मला ठाऊक आहे.

कलम पहिले. माझी घरव्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ओट्स यांना त्यांच्या हयातीपर्यंत दरसाल चाळीस पौंड द्यावेत, आणि दिवाणखान्यातील घड्याळही द्यावे. गेली कित्येक वर्षे त्या ते पुसताना माझ्याकडे अशा काही नजरेने बघतात की, मी आधीच गेलो असतो तर बरे झाले असते असे मला वाटू लागते. पार्लमेंटातील माझी भाषणे कातडी बांधणीत पाच खंडांत आहेत, तीही त्यांनाच, चूल पेटवण्यासाठी. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “नको साहेब, तो कागद गुळगुळीत आहे. नुसता धूर करतो. मी एकदा बघितलंय पेटवून.”

कलम दुसरे. नगरभवनात टांगलेले माझे मोठे तैलचित्र मी उसने दिलेले आहे, बक्षीस नव्हे. ते परत आणून कोठीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवावे. त्या चित्रात मी क्रिमियाच्या लढाईत, आल्मा नदीकाठी, तलवार उपसून चढावर धावताना दिसतो. त्याच्या छापील प्रती गावातल्या प्रत्येक दारूगुत्त्यात लागल्या आणि त्या जोरावर मी पहिली निवडणूक जिंकली. प्रत्यक्षात त्या दिवशी मी चार कोस मागे, तंबूत, पटकीने आडवा होतो. चित्रकाराला कोणी तसे सांगितले नाही आणि मीही सांगितले नाही. त्या तंबूत माझी घाण काढणारी, तोंडात चमच्याने तांदळाची पेज घालणारी बाई चित्रात नाही. ती केझाया हॅझेल, माझ्या सार्जंटची बायको.

ती तिथे कशी आली ते लिहिणे भाग आहे. पलटण जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी सैनिकांच्या बायका ओळीने उभ्या करत आणि टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावत. कंपनीमागे मोजक्या बायकांना बरोबर यायची परवानगी असे. ‘जायचे’ अशी चिठ्ठी आली की ती नवऱ्यासोबत, ‘नाही’ आली की तिथेच धक्क्यावर टाहो. टोपी माझ्या हातात होती. केझायाने चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा वाचली आणि रूबेन हॅझेलच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो सार्जंट असून रांगेतून बाहेर आला. आम्ही सगळे हसलो. तिने संपूर्ण लढाईभर आम्हा अधिकाऱ्यांचे कपडे धुतले, आणि मी जगलो तो तिच्यामुळे.

कलम तिसरे. माझा पुतण्या पर्सिव्हल विंडरम यास विंडरम हॉल, शेतजमीन आणि ज्याचा या मृत्युपत्रात वेगळा उल्लेख नाही ते सर्व मिळावे. हे प्रेमापोटी नाही, दुसरा कोणी नाही म्हणून. त्याने मला दर नाताळाला पत्रातून ‘आपली प्रकृती कशी आहे’ असे विचारले आहे आणि उत्तर बरे आले की पुढची पत्रे तोकडी होत गेली आहेत. तरी मी त्याला नावे ठेवणार नाही. त्याने अजून कोणाला घराबाहेर काढलेले नाही.

कलम चौथे. मिल लेनमधील फाटकाजवळचे दगडी घर, त्यामागची बाग, विहीर आणि सफरचंदाची झाडे यांसह, माझ्या पश्चात सार्जंट रूबेन हॅझेल, सध्या वय सत्तर, यास पूर्ण मालकी हक्काने व निर्वेध मिळावे. त्यावर पर्सिव्हलने अगर कोणीही हक्क सांगू नये.

हे घर मी त्याला यापूर्वी तीन वेळा देऊ केले आणि तिन्ही वेळा त्याने नाकारले. जिवंत माणसाच्या हातचे तो घेत नाही, निदान मेलेल्याच्या हातचे घेईल, या आशेवर हे कलम आहे. तो घेईल की नाही, या मृत्युपत्रात मला पर्वा असलेली गोष्ट एवढीच. बाकीची मिळकत कोणी वाऱ्यावर सोडली तरी चालेल.

या घरात तो आणि केझाया लढाईनंतर बारा वर्षे राहिले. तो माझे फाटक सांभाळी. अठराशे अडुसष्ट साली निवडणूक लागली. आदल्याच वर्षी कायदा होऊन गावात घर करून राहणाऱ्या कामकऱ्यांना मताचा हक्क मिळाला होता, आणि त्या कायद्याच्या बाजूने मी स्वतः हात वर केला होता. म्हणजे हॅझेलला आयुष्यातले पहिले मत मी दिले, असे मी सभेत छाती पुढे काढून सांगत असे.

तेव्हा मत तोंडाने द्यायचे. बाजारचौकात मांडव, मांडवात उमेदवार खुर्च्यांवर, आणि मतदाराने पायऱ्या चढून सगळ्या गावादेखत नाव सांगायचे. हॅल्डर्सलीला पार्लमेंटात दोन जागा, म्हणून प्रत्येकाला मते दोन. उभे होतो आम्ही तिघे: मी, माझ्या पक्षाचा दारूभट्टीवाला हॉबडे, आणि विरुद्ध बाजूचा डॉक्टर लँग. आपल्या माणसाने दोन्ही मते आम्हा दोघांना द्यावीत, हॉबडे आवडत नसेल तर एक मला देऊन दुसरे गिळावे, असा अलिखित दंडक होता. गावातल्या जुन्या मतदारांना तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक होता. हॅझेलला कोण सांगणार? मला वाटले कारभाऱ्याने सांगितले असेल, कारभाऱ्याला वाटले मी.

तो पलटणीचा जुना कोट घालून, पदके लावून आला. मला सलाम ठोकला. कारकुनाने विचारले, “मत कोणाला?”

“पहिलं आमच्या कर्नलसाहेबांना,” तो परेडवर ओरडावे तसा ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान तुकवली. मग तो म्हणाला, “आणि दुसरं डॉक्टर लँगला.”

चौकात हशा पिकला. हॉबडे माझ्या कानाशी लागला, “तुमचं स्वतःचं फाटक, कर्नल, आणि तेच सताड उघडं.”

संध्याकाळी मी हॅझेलला बोलावून घेतले. विचारले, “हे काय करून बसलास?”

तो खरोखर गोंधळला. “दोन दिली होती साहेब, दोन वापरली. पलटणीत उरलेलं काडतूस परत करावं लागायचं. इथे कोणी मागितलं नाही.”

“पण लँगला? माझ्या शत्रूला?”

“शत्रू कसला, डॉक्टर आहे तो. केझायाच्या छातीला वर्षभर औषध देतोय, पैसा घेत नाही. आणि तुमच्याविरुद्ध कुठे दिलं? तुम्हाला आधी दिलं की.”

यात कसलाही छक्कापंजा नव्हता, हे मला त्याच क्षणी कळले होते. माझ्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही, म्हणून हे इथे मुद्दाम नोंदवतो.

निकाल लागला. लँग आणि मी, दोघेही निवडून आलो. हॉबडे पडला. पण लँगला माझ्याहून एक मत जास्त मिळाले होते, आणि आमच्याकडे ज्याला जास्त मते त्याला गावचा ज्येष्ठ सभासद म्हणतात. त्याला मेजवानीत आधी बसवतात, त्याचे नाव आधी वाचतात. माझे एवढेच गेले. हॉबडे जिथे भेटे तिथे मला ‘काय, कनिष्ठ सभासद’ अशी हाक मारी.

नाताळात मी हॅझेलला घर सोडण्याची नोटीस दिली आणि मार्चअखेर त्याला बाहेर काढले. तो दोनदा विचारायला आला, “साहेब, काही चुकलं का?” मी त्याला कारभाऱ्याकडे पाठवले. मी काढलेल्या माणसाला या गावात दुसरे कोणी घर देत नाही, काम देत नाही. मला तोंड उघडून सांगावेही लागले नाही. लँगने मदत केली असती, पण तो तेव्हा पार्लमेंटासाठी लंडनला होता. पाऊस आणि केझायाचा खोकला एकाच वेळी वाढले, आणि मे महिन्यात ती दोघे गरीबखान्यात, गावखर्चाच्या भाकरीवर, गेली.

गरीबखान्यात पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मध्ये भिंत. साठीच्या आतल्या नवराबायकोला एकत्र राहू देत नाहीत. नियम पार्लमेंटाचा, तो पाळणारे मंडळ गावचे, आणि मंडळाचा अध्यक्ष मी. ज्या बाईला मी टोपीतून चिठ्ठी काढायला लावली आणि जी नवऱ्याबरोबर जायला मिळाले म्हणून त्याला गुद्दा घालत होती, तिला त्याच्यापासून तोडायला समुद्र लागला नाही, दहा फुटांची भिंत पुरली.

नोव्हेंबरात एका शनिवारी हॉबडे माझ्याकडे जेवायला होता. मिसेस ओट्स आत आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, मागच्या दारी हॅझेल आलाय. भिंत चढून आलाय, हात सोलवटलेत. बायकोचं काही खरं नाही म्हणतो. तिच्याजवळ बसायला तुमची चिठ्ठी मागतोय.”

हॉबडे माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “अर्ज सोमवारी मंडळापुढे आणायला सांगा.”

“सोमवारी?”

“नियम सगळ्यांना सारखा, मिसेस ओट्स.”

त्या गेल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “चिठ्ठीला कागद मी आणते, साहेब. दौतही आणते. तुम्ही नुसती सही करा.” मी त्यांना टेबलावरचे भाजलेले बदक पुढे सरकवायला सांगितले. केझाया रविवारी गेली. सोमवारी मंडळ भरले तेव्हा तसला अर्ज पुढे आला नाही आणि मीही विचारला नाही.

कलम पाचवे. केझाया हॅझेल हिचे अवशेष गरीबखान्यामागच्या जमिनीतून काढून सेंट ऑस्विनच्या चर्चच्या आवारात, दक्षिणेच्या भिंतीलगत मी विकत घेतलेल्या जागेत पुरावेत. जागा दोघांपुरती आहे. दुसरी तिच्या नवऱ्यासाठी. बिशपची लेखी परवानगी गेल्या महिन्यात मिळाली आहे. तिथे बिननावाच्या खड्ड्यांत ती कुठे आहे हे फक्त हॅझेलला माहीत आहे, कारण तो खड्डा खणण्याचे काम त्या दिवशी त्यालाच दिले होते. मी हे वाक्य तीनदा खोडले आणि तीनदा पुन्हा लिहिले.

हे काम चौदा वर्षांपूर्वीच होऊ शकले असते. घर नाकारताना पहिल्याच खेपेस हॅझेल म्हणाला होता, “मला घर नको. तिला तिथून काढा आणि वर दगड लावा.” मी आनंदाने हो म्हटले. इतके स्वस्तात सुटू असे वाटले नव्हते. दगडावरचा मजकूर मी स्वतः रचला आणि त्याला वाचून दाखवला: ‘केझाया, रूबेन हॅझेलची प्रिय पत्नी, शांतपणे प्रभूच्या कुशीत विसावली.’

तो चांभाराच्या दुकानामागच्या खोलीत जोडे शिवत बसला होता. अजून तिथेच राहतो. दोरा दातांनी तोडून म्हणाला, “शांतपणे नाही, साहेब.”

“दगडावर असंच लिहितात, हॅझेल.”

“लिहीत असतील. ती हाका मारत होती. भिंतीच्या ह्या बाजूला मला ऐकू येत होतं. दोन रात्री. मीही इकडून ओरडायचो, मग पहारेकरी आला की गप्प. शांतपणे नाही.”

मी म्हणालो, बाकी सगळे तू म्हणशील तसे, पण हा शब्द राहू दे. तो म्हणाला, हा शब्द असेल तर दगड नको. मी त्याला हेकट म्हणालो. तो म्हणाला, “हेकट तुम्ही. मेली माझी बायको आणि शब्द तुम्हाला हवाय.” त्यानंतर दर एकदोन वर्षांनी मी जात होतो, नवा मजकूर घेऊन. मृत्यूची तारीख बदलली असती तरी मी हरकत घेतली नसती, पण तो एक शब्द मला सोडवेना. चर्चमध्ये मतदार येतील, ते वाचतील, आणि विचारतील की शांतपणे नाही तर मग कशी? हे कारण मी स्वतःला सांगत असे. ऐंशी साली मी निवडणूक हरलो, मतदारांशी माझा संबंध संपला, आणि तरीही तो शब्द मला हवाच होता. तेव्हा मला कळले की तो मी माझ्यासाठी मागत होतो. ती शांतपणे गेली असेल तर मला झोप येण्याचा काही हक्क उरत होता.

तो हक्क मी या कलमाने सोडतो. दगडावर हॅझेलने सांगितलेला मजकूर, एकही अक्षर न बदलता, असा कोरावा:

‘केझाया हॅझेल. पलटणीबरोबर क्रिमियाला गेली आणि परत आली. हॅल्डर्सलीच्या गरीबखान्यात नवऱ्याला हाका मारत मेली. तो भिंतीपलीकडे होता. त्याला जाऊ दिले नाही.’

त्याखाली एक ओळ माझी, त्याच आकाराच्या अक्षरांत: ‘जाऊ न देणारा, गॉडफ्री विंडरम.’

कलम सहावे. हे कलम आज, सही करण्यापूर्वी, आत्ताच घडलेली गोष्ट ताजी असताना लिहीत आहे. मिस्टर स्नेल समोर बसून सुस्कारे टाकत आहेत.

सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी लागते. एक स्नेल यांचा कारकून मिस्टर ट्विग, दुसरे आमचे धर्मगुरू येणार होते. पण त्यांनी दगडाचा मजकूर ऐकला आणि त्यांना अचानक पडसे झाले, तसा निरोप आला. हॅझेलला मी पाचवे कलम ऐकायला बोलावले होते. तो दाराशी, खुर्ची देऊनही, उभा होता. मी वाचून दाखवले, चौथे कलम आणि पाचवे. त्याने पाचवे पुन्हा वाचायला लावले. शेवटच्या ओळीनंतर म्हणाला, “ही माझी नाही.”

“ही माझी आहे,” मी म्हणालो. “नको असेल तर काढतो.”

“राहू द्या,” तो म्हणाला.

घराविषयी तो काहीच बोलला नाही. मला वाटले, घेतले. 

मिसेस ओट्स म्हणाल्या, “धर्मगुरूंचं नाक कशाला हवंय? दुसरी सही मी ठोकते.”

“तुम्ही नाही, बाई,” स्नेल म्हणाले. “साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. तुमचे चाळीस पौंडही जातील आणि घड्याळही.”

“अगंबाई,” म्हणून त्या पेनापासून दोन पावले मागे सरल्या. स्नेल यांनी मला घंटा वाजवायला सांगितले, माळ्याला बोलावू म्हणाले.

हॅझेलने विचारले, “साक्षीदाराचं सगळंच जातं का वकीलसाहेब? की नुसतं त्याला दिलेलं?”

“नुसतं त्याला दिलेलं.”

“म्हणजे दगड राहतो.”

“दगड राहतो. तो तुम्हाला दिलेला नाही, तो माझ्यावर सोपवलेला आहे. बाकीचं मृत्युपत्र जसंच्या तसं.”

हॅझेल टेबलाशी आला आणि त्याने पेन उचलले. स्नेल त्याला समजावू लागले की घर चांगले आहे, छप्पर नवे आहे, या वयात दुकानामागच्या खोलीत राहणे बरे नाही. तो ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, घर घेतलं तर आपला हिशेब मिटला असं होईल. तो मिटायचा नाही. पण तुम्ही हे लिहिलंत ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, एवढं मी लिहून देतो.”

घंटा माझ्या हाताशी होती. माळी खाली अंगणातच होता, हाक मारली असती तरी आला असता, आणि हॅझेलची सही लागली नसती, घर त्याचे झाले असते, घेवो न घेवो. मी घंटा वाजवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे मागितलेले मी त्याच दिवशी दिले.

चौथे कलम खोडू नये. कायद्याने ते मेले असले तरी वाचता यावे. घर उरलेल्या मिळकतीबरोबर पर्सिव्हलला जाईल, आणि त्यात तो कोणाला ठेवतो, कोणाला काढतो, हे बघायला मी नसेन.

येणेप्रमाणे सहा कलमे मी शुद्धीत लिहिली, वाचली, आणि खाली नाव घातलेल्या दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

विंडरम हॉल, हॅल्डर्सली, दिनांक अकरा नोव्हेंबर अठराशे चौऱ्याऐंशी.

(सही) गॉडफ्री ॲलन विंडरम

साक्षीदार:

(सही) एडविन ट्विग, राहणार चर्च स्ट्रीट, हॅल्डर्सली. धंदा: वकिलाचा कारकून.

(सही) रूबेन हॅझेल, राहणार चांभाराच्या दुकानामागे, हॅल्डर्सली. धंदा: केझायाचा नवरा.